मदत हवी आहे: कंबरेमुळे लाकडं सोडून दगडी कोळशावर जावं का?

नमस्कार मंडळी. वणी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, ८ एकर शेती, कापूस-तूर-सोयाबीन, वय ५४. प्रश्न जरासा आडवळणाचा आहे म्हणून पहिले रामकहाणी सांगतो, लांबली तर सांभाळून घ्या.

दिवाळीच्या आधी बाभळीची लाकडं फोडून राहिलो होतो. एक गाठीचं ओंडकं होतं, कुऱ्हाड त्यात अशी फसली की निघता निघेना. मी एक पाय ओंडक्यावर ठेवला, वाकलो अन कंबरेतून वळून हिसका दिला. कुऱ्हाड निघाली पण मी तसाच वाकलेला राहिलो. सरळ होता येईना. गोठ्याची मेढ धरून अर्धा तास उभा होतो, बायकोला वाटलं नाटकं करून राहिला, काम टाळाले. नागपूरला एमआरआय काढला तर एल ४-एल ५ मधली चकती सरकून नस दबली म्हणे, डाव्या पोटरीपर्यंत मुंग्या येतात. डॉक्टर म्हणाले कुऱ्हाड बंद, वाकून वजन उचलणं बंद, फिजिओ करा.

आता घरची गरज सांगतो. चार माणसं, आंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवर, मोठ्या गंजात, रोज ६० लिटर तरी होत असेल. अन हिवाळ्यात आईच्या खोलीत रात्री सिगडी लागतेच, तिचं वय ८०, बाहेरचे लोक म्हणतात विदर्भात कशाची थंडी, पण २०१८ च्या डिसेंबरात नागपूर साडेतीन अंशावर गेलं होतं हे ते विसरतात, अन खेड्यात मोकळ्या शिवारात त्याहून बोचते. आजवर सिगडीत चुलीतलेच इंगळ टाकत आलो. पोरगा पुण्यात, मजूर लाकडं फोडायला येतो म्हणतो अन कापूस वेचणीत गायब होतो.

तर विचार असा की खाणी आमच्या बाजूलाच, उकणी, निळजई, कोलारपिंपरी, दगडी कोळसा इथं नवलाचा नाही. फोडायची कटकट नाही, पोत्यातून काढला की टाकला. साध्या चुलीत जळते का वेगळी भट्टी लागते, रोज किती लागेल, अन आईच्या सिगडीत चालेल का? ट्रकवरून पडलेला फुकट आणून देतो म्हणणारे दोघंतिघं भेटले, तो नको आहे, पावतीचाच घेईन. ज्यानं वापरला त्यानंच सांगा ना जी.

घुग्घुसकर

भाऊ, माझं लहानपण कोळसा खाणीच्या क्वार्टरात गेलं, घरी दगडी कोळशाचीच सिगडी होती म्हणून हक्कानं बोलतो. साध्या चुलीत तो धड जळत नाही. लाकूड आडवं ठेवून पेटते, कोळशाला खालून हवा पायजे, म्हणजे बिडाची जाळी, जाळीखाली राख पडायला जागा अन समोरून तोंड. पहिले गोवरी अन काड्या पेटवायच्या, त्यावर बारके खडे, ते लाल झाले की मोठे. पहिला अर्धा तास जो पिवळा धूर निघते तो विचारू नका. दोरीवरचे कपडे पहिले काढायचे अन मग सिगडी पेटवायची हा आमच्या आईचा नियमच होता. लोक म्हणून उघड्यावर ढीग जाळून, धूर काढून, पाणी मारून विझवलेला कोळसा मग घरात वापरत.

पण आईच्या खोलीत ठेवणार असाल तर हात जोडून सांगतो, ठेवू नका. धूर संपून कोळसा लालबुंद झाला की वाटते आता साफ जळून राहिला, तेव्हाच खरा धोका. कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग. थंडी म्हणून दार-खिडकी लावून माणूस झोपते अन सकाळी उठत नाही. अन हे लाकडाच्या इंगळाचंही तसंच आहे बरं का, आजवर काही झालं नाही कारण तुमच्या कौलातून हवा जात असेल.

बेरीज वजाबाकी

मी जरा आकडे मांडतो, कारण "कोळशात ताकद जास्त" हे सगळे ऐकीव बोलतात. ६० लिटर पाणी २० अंशावरून ५० वर न्यायला १८०० किलोकॅलरी लागतात. साध्या चुलीत १५ टक्के उष्णता पाण्याला लागली तर समजा खूप झालं, म्हणजे १२००० किलोकॅलरीचं जळण रोज. वाळलेलं लाकूड किलोला साधारण ३५०० ते ४००० देते, म्हणजे ३ ते साडेतीन किलो. आपल्याकडच्या कोळशाची ताकद त्याच्या ग्रेडवर आहे, जी १० ग्रेड धरली तर किलोला ४३०१ ते ४६०० किलोकॅलरी. तरी पावणेतीन किलो लागणारच. म्हणजे वजन वाचलं किती, पाव ते पाऊण किलो!

आता राख बघा. बाभळीची राख मूठभर पडते, ती भांड्यालाही चालते अन वावरातही. या कोळशात ३०-४० टक्के राख असते, म्हणजे रोज जवळजवळ एक किलो, वर खडे जमतात ते वेगळे. ती जाळीखालून कोण काढणार? तुम्हीच, वाकून. कुऱ्हाड सुटली पण वाकणं वाढलं.

अन हेच पाणी विजेवर तापवलं तर दोन युनिटच्या आसपास. गॅसवर केलं तर १४.२ किलोचं सिलेंडर नुसत्या आंघोळीला ५० दिवस पुरेल.

धागाकर्ता

बेरीजभाऊ, तुमचा हिशोब वाचून बायको म्हणते यांना चहाला बोलवा. राखेचं खरंच डोक्यात नव्हतं. गॅस जमत नाही, स्वयंपाकालाच पुरवून पुरवून वापरतो. वीज आमच्याकडे सकाळी ज्या वेळी पाणी पायजे त्याच वेळी व्होल्टेज पडलेलं, रॉड टाकला तर पाणी कोमट होता होता सूर्य डोक्यावर. सोलर बसवला होता शेजाऱ्यानं, पाणी जड आहे इथलं, दोन वर्षांत नळ्यांमध्ये पांढरा थर बसला, विकणाऱ्यानं फोन उचलणं सोडलं. आईची सिगडी मात्र आजपासून खोलीत नाही, तेवढं पटलं.

जुनी कंबर

दादा, मी त्याच रस्त्यानं गेलेली बाई आहे, माझी एल ५-एस १ ची चकती. मला फिजिओच्या पोरीनं सांगितलं होतं, "मावशी, वजन नाही, वाकून वळणं खाते कंबरेला." तुमची कुऱ्हाडीची गोष्ट वाचली अन तेच आठवलं. सारखं जमिनीवर वाकून फुंकणी फुंकणं, गंज उचलणं, हेही तेच. चूलच वर उचला ना! विटांचा दोन-अडीच फुटाचा ओटा, त्यावर चूल, लाकडं बाजूला त्याच उंचीच्या फळीवर. अन गरम पाण्याचा गंज उचलायचाच नाही, तोटीवाला ड्रम ठेवा अन खाली बादली सरकवा, बादलीही अर्धीच भरा.

अन एक नीट ऐका, लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागेला बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडलं तर सकाळ होण्याची वाट न बघता दवाखाना गाठा. ते दुखणं आणि हे दुखणं वेगळं.

पांढरं सोनं

फोडायचंच नाही असं जळण तुमच्या वावरात आहे की, तुराट्या, तुरीच्या वाळल्या काड्या! पायानं मोडतात. पऱ्हाटीही, म्हणजे कापसाची वाळली झाडं, चालली असती पण ती पुढच्या हिवाळ्यापर्यंत बांधावर रचून ठेवू नका, गुलाबी बोंडअळीला तेवढंच पायजे, जुन्या पऱ्हाटीतून पुढच्या कापसात येते. तुराट्यांनी पेटवा, त्या फडफड जळून जातात म्हणून वर आरामशीनवरचे तुकडे. तिथं लाकूड चिरलेलंच मिळते, घरपोच टाकतात, फक्त ओलं माथी मारू देऊ नका. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा, वाळलेलं टण्ण वाजते, ओलं भद्द.

घुग्घुसकर

आरामशीनला माझंही मत. कोळसा हौस म्हणून करून पाहायचा असेल तर एक पोतं आणा, अंगणातच पेटवा. तांब्याच्या बंबात मात्र टाकू नका कोणी सांगितलं तरी, तो पत्रा कोळशाच्या आचेसाठी नाही.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनंतर)

राजेहो, सांगायचं राहून गेलं. ऐकलं पण सगळं नाही ऐकलं, कोळशाची दोन पोती आणलीच, पावतीसकट. माणसानं गाडीतून उतरवून दिली तरी पोत्यातून घमेल्यात काढायला वाकावं लागतेच ना. भंगारातून जाळी आणली, चार दिवस पेटवला. पहिल्या दिवशी शेजारची काकू कुंपणावरून विचारते, काय जळालं जी तुमच्याकडं. पाणी तापलं, जबर तापलं, पण ज्या वेळी पायजे त्या वेळी नाही, मी आंघोळ करून चहा पिऊन वावरात निघालो तेव्हा तो कुठं रंगात आला. अन चौथ्या दिवशी घमेलंभर राख अन काळे खडे बघून बायकोनं माझ्याकडं नुसतं पाहिलं.

मग गवंडी बोलावला. ओटा अडीच फुटाचा, चूल त्यावर, तोटीचा ड्रम मात्र दोनदा बदलला कारण पहिल्याची तोटी बादलीच्या काठाखाली येत होती. तुराट्या अन आरामशीनचे तुकडे, फळीवर रचलेले, उभ्यानं काम होते. मुंग्या अजून आहेत पण पोटरीवरून मांडीपर्यंत आल्या, फिजिओवाला म्हणते वर सरकणं चांगलं. आईला गरम पाण्याची रबरी पिशवी अन दोन गोधड्या, पण तिची कुरकुर सुरूच आहे, म्हणते पिशवीला इस्तवाची सर नाही. म्हणून संध्याकाळी सिगडी अंगणात पेटवतो, आई शेकून घेते, सिगडी विझली की आई आत.

आता एकच राहिलं. दीड पोतं कोळसा गोठ्यात पडून आहे. काय करू त्याचं?

घुग्घुसकर

लोहाराला विचारा, भात्याला लागते त्याला. बदल्यात कुऱ्हाडीला पाणी पाजून घ्या. आणि ती तुम्ही उचलायची नाही हां!