उसन्या नोटेचा प्रयोग: चिरलेला लिफाफा की बारा हजारांचं पाकीट?

खाकी_लिफाफा (धागाकर्ता)

आमच्या शनिवारच्या कट्ट्यावर परवा एका तरुण मित्राने नवं पाकीट दाखवलं. किंमत बारा हजार. प्रेक्षकाकडून उसनी घेतलेली, सही केलेली नोट गायब होते आणि या पाकिटाच्या चेनच्या कप्प्यात सापडते. काम सफाईदार, वादच नाही. पण प्रयोग संपल्यावर पहिला प्रश्न आला, "पाकीट जरा बघू?"

उसन्या पैशाच्या जादूची सगळी ताकद नोट दुसऱ्याची असण्यात आहे. आपली वस्तू असेल तर लोक म्हणणार, हिच्यातच काहीतरी आहे. नोट त्यांच्याच खिशातली असली की संशय घ्यायला काही उरत नाही. अशा वेळी चकचकीत परदेशी पाकीट काढून आपणच त्यांना संशयाला जागा करून देतो.

मी तीस वर्षं लोकरीचा गुंडा वापरतोय. दहाचं नाणं मागायचं, त्यावर मार्करने खूण करून घ्यायची. नाणं हातातून नाहीसं होतं. मग काचेच्या ग्लासात गुंडा ठेवून लोकरीचं टोक समोरच्या मुलीच्या हातात द्यायचं. ती ओढत राहते, गुंडा ग्लासात नाचत नाचत लहान होतो आणि शेवटच्या वेढ्यांतून सुटलेलं नाणं काचेवर टण्‌कन आपटतं. तो आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो. आतली करामत म्हणजे गुंड्यात आधीच खुपसलेली पत्र्याची चपटी नळी, २७ मिलिमीटरचं नाणं घसरेल एवढीच. तिच्यातून नाणं गुंड्यात सरकवायचं आणि नळी काढून घ्यायची. पत्र्याचे डबे करणाऱ्या कारागिराने करून दिली. जादूच्या जुन्या पुस्तकांत ही रीत छापलेली आहे, म्हणून इथे उघड लिहितोय.

या प्रयोगात महागड्या साधनाने नेमकं काय वाढतं?

रोजचा_खेळ

ठामपणे असहमत. माझं घर या कामावर चालतं, डिसेंबरात एका दिवसात तीन-तीन कार्यक्रम असतात. चिरलेला लिफाफा मीही भरपूर वापरलाय. मागच्या बाजूला चीर, घडीची नोट चिरेतून तळहातात, मग लिफाफा पेटवायचा. लोक समोर खुर्च्यांवर बसलेले असतील तर उत्तम चालतो. पण वाढदिवसाला मुलं पाठीमागे येऊन उभी राहतात. चार बाजूंनी मोबाईल चालू असतात आणि रात्री तोच व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर थांबवून थांबवून बघतात. त्यात चीर दिसली की पुढच्या वर्षीचं काम गेलं.

माझं पाकीट पाठीमागून बघितलं तरी चालतं. शिवाय हातांचं काम कमी झालं की नजर मोकळी होते, नोट देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून बोलता येतं. टेरी सीब्रुक या ब्रिटिश जादूगाराचं नाव झालं ते उसनी नोट जाळून पाकिटातून परत काढण्याच्या प्रयोगानेच. त्याच्या पाकिटामुळे कुणाची मजा गेली नाही. "पाकीट बघू" हा प्रश्न येतो तो मांडणी कच्ची असते म्हणून.

निवृत्त_कॅशियर

माझं वय ७१, दोन्ही हातांना कंप. ज्या बोटांनी आयुष्यभर नोटा मोजल्या, त्यांतून आता घडीची नोट निसटते. दोन वर्षं प्रयोग बंद होता. मुलाने पाकीट आणून दिलं तेव्हा नातवंडांपुढे पुन्हा उभा राहिलो. साध्या रीतीला पैसे लागत नसतील, पण बोटं लागतात.

घेणाऱ्यांनी एक मात्र बघून घ्या. परदेशी साधनं बहुधा डॉलरच्या मापाची असतात, आणि डॉलरच्या सगळ्या नोटा एकाच मापाच्या, साधारण १५६ × ६६ मिमी. आपली पाचशेची १५० × ६६, शंभराची १४२ × ६६, दहाची १२३ × ६३. पाचशेची नीट बसते तिथे दहाची आत तिरकी होऊन अडकते. २०१६ पूर्वीची पाचशेची तर १६७ × ७३ होती. त्या मापाची माझी दोन साधनं नोटबंदीपासून कपाटात पडून आहेत.

खाकी_लिफाफा

काका, तुमच्या पाकिटाबद्दल माझा काही वाद नाही. तुम्ही प्रयोग पुन्हा सुरू केलात याचा मनापासून आनंद झाला.

पण तुमची मापं माझ्याच बाजूची आहेत. साधन मापाचं असलं की "पाचशेचीच द्या" म्हणावं लागतं, आणि पाचशेचीच का, हा विचार तिथेच सुरू होतो. मी आहेराचं पाकीट वापरतो, वर रुपया चिकटवलेलं. दहाची असो वा पाचशेची, घडी घालून कुठलीही नोट जाते. ते पाकीट प्रत्येकाच्या घरात असतं, त्यामुळे कुणी तपासायला मागत नाही.

खडू_आणि_टोपी

दादा, मी तुमच्या बाजूची आहे, पण कारण वेगळं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये प्रयोग करते. एकदा तिसरीतल्या मुलीने दहाचं नाणं दिलं. वहीसाठी आणलेलं होतं, हे मला नंतर कळलं. नाणं गायब झालं तेव्हा ती रडली नाही, माझ्या उघड्या मुठीकडे नुसती बघत राहिली. पुढचं सगळं बोलणं टाकून मी तिच्या दप्तराच्या कप्प्यातून नाणं काढून दिलं. माझ्या हातात गुंडा किंवा पाकीट असतं तर ते आधी पूर्ण करावं लागलं असतं. रिकाम्या हातांनी करत असले की कुठेही थांबता येतं. त्या दिवसापासून मी पैसे फक्त शिक्षकांकडून घेते.

आणि साधं म्हणजे कुठलंही साधं चालत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमिल जॅरो उसनी नोट लिंबातून काढायचा, तो प्रयोग जगभर गेला. मी गावात लिंबू कापलं तर करणी-उताऱ्याचीच कुजबुज होईल. त्यातून आपलं कागदी लिंबू एवढंसं, पाचशेच्या नोटेची गुंडाळी त्यात मावत नाही. मोसंबीत मावते, पण नोट रसाने चिकट होऊन परत जाते, ते मला आवडत नाही. नोट जाळणं तर मी सोडूनच दिलं. एका आजी हात जोडून म्हणाल्या, "बाई, लक्ष्मी जाळू नको गं." खोटंच जाळत होते, पण त्यांना लागलं ते खरं होतं.

रोजचा_खेळ

ताई, थांबता येण्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. लहान मुलांपुढे पाकीट काढणार नाही. लग्नाच्या हॉलमधलं मत मात्र कायम आहे. तिथे आता सगळे फोनवरून पैसे देतात, दहा जणांना विचारावं तेव्हा एकाकडे नोट निघते. अशा एकुलत्या नोटेवर मी लिफाफ्याच्या चिरेची जोखीम घेणार नाही.

धागाकर्ते, आहेराचं पाकीट करून बघतो. गुंड्याचं एक सांगा. नळी काढल्यावर लोकरीत भोक राहतं, ते तुम्ही कसं बुजवता?

खाकी_लिफाफा

गुंडा सैल गुंडाळायचा, घट्ट अजिबात नाही. नळी खिशातच बाहेर ओढायची आणि गुंडा बाहेर काढता काढता तळव्याने एकदा दाबायचा. लोकर बारीक घ्या. जाड लोकरीचं भोक मिटत नाही.