'हाफ अ सोल': पऱ्यांच्या विनोदी प्रेमकथेत वर्कहाऊस हवंच होतं का?

पुस्तकवेडी: ऑलिव्हिया ॲटवॉटरची 'हाफ अ सोल' ही कादंबरी वाचली. काळ इंग्लंडमधल्या रीजन्सीचा, म्हणजे राजाच्या जागी युवराज कारभार बघायचा तो, १८११ ते १८२०. डोरा लहान असताना परीलोकाचा एक सरदार तिचा अर्धा आत्मा काढून घेतो. चुलतबहीण व्हनेसा त्याला लोखंडी कात्री खुपसते, म्हणून उरलेला अर्धा वाचतो. तेव्हापासून डोराला ना भीती, ना लाज. अशी मुलगी लंडनच्या लग्नाच्या हंगामात उतरल्यावर धमाल होणारच. फटकळ राजजादूगार इलायसशी तिचं जुळतं, तेही झकास. पण मधेच वर्कहाऊस येतं. गरिबांना राबवून पोसायची ती जागा. तिथली मुलं गाढ झोपतात ती उठतच नाहीत. आत्ता नाचाच्या दिवाणखान्यातले टोमणे, लगेच निपचित पोरं! त्या मुलांची दैना फक्त जोडी जुळवायला वापरली आहे, असं माझं स्पष्ट मत.

रात्रपाळी: अजिबात पटलं नाही. अख्ख्या आत्म्याची माणसं त्या पोरांकडे ढुंकून बघत नाहीत, अर्ध्या आत्म्याची डोरा बघते. कादंबरीचा जीव तिथेच आहे. इलायसचा संतापही तिथलाच. वर्कहाऊस काढलंत, तर उरेल नुसता देखणा तुसडा.

जुनी पानं: माझी तक्रार उलटी आहे, वर्कहाऊस कमी पडलं. गरिबांसाठीच्या १८३४ च्या कायद्याआधी या जागा पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीनुसार चालणाऱ्या स्थानिक कारभाराच्या ताब्यात असत. तिथल्या मुलांना सूतगिरण्यांत शिकाऊ कामगार म्हणून धाडत. १८०२ च्या कायद्याने त्यांचं काम दिवसाला १२ तासांपर्यंत आणलं, आणि ही म्हणे सुधारणा! एवढं सगळं माणसांनीच केलेलं असताना झोपेचा दोष जादूवर ढकलला, की पॅरिशवाले सुटतात.

रात्रपाळी: सुटत कुठे? इलायस त्यांनाच तर फैलावर घेतो.

माजघर: कात्रीबद्दल कुणीच बोलेना! आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतात, तीच ही पऱ्यांना लोखंडाची धास्ती. डोरा ती कात्री मोठेपणीही जवळ बाळगते. मला तर इलायसपेक्षा या दोन बहिणींचीच माया जास्त खरी वाटली.

पुस्तकवेडी: बहिणींबद्दल शंभर टक्के सहमत. पण व्हनेसा कशी बोलते, कशी हट्ट धरते, सगळं डोळ्यांसमोर येतं. झोपलेल्या मुलांपैकी एकाला तरी तेवढी जागा मिळाली का?