मदत हवी आहे: कायाकॉय ते ओल्युदेनिझ पायवाट

ऑक्टोबरमध्ये तुर्कस्तानात फेथियेला तीन दिवस मुक्काम आहे, सोबत ६७ वर्षांची आई. १९२३च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या अदलाबदलीनं ओस पडलेलं कायाकॉय गाव (ग्रीक रहिवाशांचं लेविसी) आम्हाला बघायचंच आहे. डोंगरउतारावर छप्पर नसलेली शेकडो दगडी घरं, आणि एकानंही दुसऱ्याचा उजेड अडवलेला नाही! फेथियेहून मिनीबस मिळते, एवढं कळलंय. तिथून पाइनच्या जंगलातून ओल्युदेनिझच्या समुद्राकडे पायवाट उतरते. नकाशा पाहिला, व्हिडिओ पाहिले, पण उताराचा अंदाज येत नाही. आई सिंहगड चढते, फक्त सुट्या दगडांच्या उतरणीवर तिचा गुडघा धरतो. गाडी भाड्यानं घेणार नाही. ही वाट कुणी चाललं आहे का? तसा उतार कुठे आणि किती आहे, की उलट दिशेनं चढत जाणं बरं?