समुपदेशन माझ्याच पोराचं का?

पारोळ्याचा_पाहुणा
मुलगा सातवीत. मागच्या वर्षी पारोळा तालुक्यातल्या गावाहून आम्ही जळगावला राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात त्यानं वर्गात उठून आमच्या अहिराणीत विचारलं, "सर, पाणी पेवाले (प्यायला) जाऊ का?" वर्ग हसला. सरही हसले. त्या दिवसापासून पोराचं नाव 'पेवाले'.

मी हसण्यावारी नेलं, ती माझी चूक. मग डब्यातली कळण्याची भाकर मातीत, सायकलची हवा गेलेली, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्या बोलण्याच्या नकला. दिवाळीनंतर रोज सकाळी पोटात दुखायला लागलं. सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. रविवारी दुखत नाही, हे बायकोच्या लक्षात आलं.

शाळेत गेलो तर उत्तर मिळालं, "मुलगा जरा हळवा आहे, समुपदेशकाकडे न्या." नेतोय. चार बैठका झाल्या, थोडा फरकही आहे. पण छळणारी चार पोरं शनिवारी क्रिकेट खेळतात आणि माझा पोरगा 'ट्रीटमेंट'ला जातो. काटा रुतलेल्याला मलम, आणि वाटेवरची बाभूळ तशीच उभी! त्रास झालेल्या मुलालाच तेवढं समुपदेशनाला धाडणं ही शाळेनं हात झटकायची सोय आहे, असं माझं मत झालंय.

जिभाऊ_चोपडा
भाऊ, राग मानू नको. मला शाळेत काय काय नावं ठेवली पोरांनी! एकाला एकदा केळीच्या बागेत गाठून बदडला, विषय संपला. पोराला दोन हाणायला शिकव. तापीचं पाणी पिऊन पोरं इतकी मऊ कशी निघायला लागली, तेच कळत नाही.

हॉस्टेलवाला_शहादा
जिभाऊ, तुमच्यासमोर एकटा होता म्हणून बदडलात. माझ्या खोलीत सहा जण होते.

आमच्या घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. अकरावीला हॉस्टेलवर आलो तेव्हा मराठी अडखळत यायचं. रात्री पांघरूण ओढून न्यायचे, पेटी व्हरांड्यात उपडी करायचे आणि मला 'भाषण' करायला लावायचे. चार महिन्यांत घरी परतलो. बापाला सांगितलं, मेसचं जेवण सोसत नाही. आजही त्याला तेच खरं वाटतं.

आता वय ४१. धुळ्याच्या ऑफिसात साहेबांनी मीटिंगमध्ये नाव घेतलं की तोंड कोरडं पडायचं, बढतीची मुलाखत दोनदा टाळली. शेवटी सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून मानसोपचाराच्या ओपीडीत बसलो. तिथल्या बाईंनी विचारलं, "हा आवाज याआधी कुठे ऐकलाय?" बराच वेळ बोलता आलं नाही मला. म्हणून पाहुणे, शाळेवरचा राग शाळेवरच काढा, समुपदेशनाला 'सोय' म्हणू नका. मला ते चोवीस वर्षं उशिरा मिळालं.

समुपदेशक_ताई
मी हेच काम करते, त्यामुळे माझं झुकतं माप धरून वाचा.

नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी शाळेतल्या छळाच्या तीन खुणा सांगितल्या. तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हा पुन्हा होतो आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसतं. तिसरी खूण आपल्याकडे विसरली जाते. मग 'दोघांना समोरासमोर बसवा, हात मिळवा' सुरू होतं. भांडणाला ते चालतं. छळात मात्र पोरगं सरांसमोर हात मिळवतं आणि पार्किंगमध्ये त्याची किंमत मोजतं.

पाहुणे, तुमचं निम्मं पटलं. मुलाला 'घट्ट' बनवणं हे समुपदेशन नव्हे. चूक आपली नाही हे त्याच्या मनात बसवायचं, मधल्या सुट्टीत सोबत कोण ते ठरवायचं, घडलेलं तारखेसह लिहायला लावायचं, एवढ्यानंही बराच फरक पडतो. पण त्या चौघांशी वेगवेगळं बोलणं, आणि हसणाऱ्या उरलेल्या वर्गाशी बोलणं, हे शाळेनं केल्याशिवाय भागत नाही. शाळेतला छळ रोखायचा फिनलंडमधला 'कीवा' कार्यक्रम बघ्या मुलांवरच जास्त भर देतो.

कोर्टात_रोज
ताई, बोलून सुधारत असती तर आमची वकिली बसली असती! महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. त्यात चिडवणं, लाज आणणं हेही धरलंय. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखानं ७ दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून पोलिसांना कळवायचं. त्यानं दुर्लक्ष केलं तर त्याचीच गुन्ह्याला मदत धरली जाते. काढा चौघांना.

समुपदेशक_ताई
तेरा वर्षांच्या पोरांवर पोलीस? काढलेला पोरगा पुढच्या शाळेत नवा 'पेवाले' शोधतो. त्यातल्या एखाद्याच्या घरी रोज पट्टा निघत असेल, तेही बघायला नको? अर्ज जरूर द्या, पण त्यात निलंबन मागू नका, उपाय मागा.

कोर्टात_रोज
मागितल्याशिवाय उपायही मिळत नाहीत, एवढंच माझं म्हणणं.

हॉस्टेलवाला_शहादा
वाचणाऱ्यांसाठी: टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६, २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८.

पारोळ्याचा_पाहुणा
ताई, 'सोय' हा शब्द मागे घेतो, शाळेवरचा राग नाही. सोमवारी अर्ज देतोय. त्या सरांनीही वर्गासमोर एकदा अहिराणीत बोलावं, असं त्यात लिहू का? बायको म्हणते, उगाच चिडतील.

जिभाऊ_चोपडा
लिही. मी बदडला तो पोरगा पुढे शाळाच सोडून गेला. काल रात्री आठवलं, त्याचं नाव काही केल्या आठवेना. असो. अर्जाची पोच घे, शिक्का मारून.