मदत हवी आहे: पावसाच्या पाण्याचा पीएच ७.४ कसा?

घायकुती:
प्रकल्प परवा द्यायचाय. विषय आम्लवर्षा आणि परिसंस्था. चार दिवस मोजतोय, दरवेळी ७.४ च्या आसपास. पीएच ७ च्या खाली म्हणजे आम्ल, आणि पुस्तकात पावसाचा ५.६ लिहिलाय. समोरच्या रस्त्यावर दिवसभर धूर असतो, म्हणजे आम्ल यायलाच हवं ना? तळ्यातल्या गोगलगायीही ठणठणीत. पीएच मोजायच्या रंगीत पट्ट्या खराब आहेत का? प्लीज लवकर.

शेवाळ:
पाणी कशात धरलं? कुठे? पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने?

घायकुती:
स्वच्छ बादलीत. ते महत्त्वाचं आहे का?

चुनाभट्टी:
तळ्यात चुनखडीची पूड टाका. स्वीडनमध्ये हजारो तळ्यांत टाकली, मासे परत आले. माझ्या टाकीतही मी दरवर्षी टाकतो.

शेवाळ:
अहो, त्याचं पाणी आधीच ७.४ आहे. चुना कुणाला लावताय?

जुनी_परीक्षानळी:
५.६ ही आम्लवर्षा नव्हे, तो साधा स्वच्छ पाऊस. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला की तेवढं आम्ल येतंच. धुरातल्या सल्फर आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांची सल्फ्युरिक, नायट्रिक आम्लं झाली की पीएच साडेचारच्या खालीही जातो. पीएच एका अंकाने उतरला की आम्लता दहापट, हे विसरू नका. आणि पट्ट्या फेका. पावसाच्या पाण्यात क्षार इतके थोडे की पट्टीचा रंगच आकडा फिरवतो. मीटर मिळवा.

पावशा:
हे पाणी उकळून पिता येतं का?

घायकुती:
पिण्याचं विचारलंच नाहीये! बादली गच्चीच्या पाइपखाली ठेवली होती, तिथे पटकन भरते.

जुनी_परीक्षानळी:
हात्तिच्या! हे आधी सांगायचं. सिमेंटमध्ये चुना असतो, त्याने आम्ल गच्चीवरच मारलं. तळ्यांचंही असंच. खाली चुनखडीचा खडक असेल तर आम्ल पचतं. ग्रॅनाइट असेल तर पचवायला काही नसतं, उलट मातीतलं ॲल्युमिनियम सुटून पाण्यात येतं आणि माशांच्या कल्ल्यांवर बसतं. मासा गुदमरतो. गोगलगायी का जगल्या ते तळाशी काय आहे ते बघून लिहा.

शेवाळ:
सगळे आम्लाचंच पुराण लावता. पावसातून उतरणारा नायट्रोजन हे फुकटचं खत असतं. निकस जमिनीवरची नाजूक झाडं मागे पडतात, गवत माजतं. दगडफुलाच्या कित्येक जाती तर हटतातच.

जुनी_परीक्षानळी:
मान्य, पण त्याने पीएच विचारलाय.

शेवाळ:
त्याने परिसंस्था विचारलीय. शीर्षक बघा.

चुनाभट्टी:
गोगलगायींना कॅल्शियम लागतं, म्हणूनच म्हणतो चुना. नेदरलँड्समध्ये आम्लाने मातीतलं कॅल्शियम धुऊन गेलं, गोगलगायी घटल्या आणि त्या खाणाऱ्या छोट्या पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली.

शेवाळ:
हे मात्र चांगलं सांगितलंत.

घायकुती:
आत्ता पाऊस झाला. मीटर उसना आणला. पाइपखाली ७.५. मोकळ्यावर स्टुलावर काचेचं पातेलं ठेवलं, त्यात ५.९. झाली ना आम्लवर्षा?

जुनी_परीक्षानळी:
नाही. ५.६ च्या वर आहे. हवेत चुनखडीची धूळ असली की असं होतं. पहिल्या सरीचं आणि तासाभरानंतरचं पाणी वेगवेगळं धरून बघा, पहिली सर हवेतली बरीच घाण खाली आणते.

घायकुती:
मग शीर्षकाचं काय करू? मुखपृष्ठ छापून झालंय.