मदत हवी आहे: वावरात राबणाऱ्यांनी चेहऱ्याचं लेसर कोणत्या महिन्यात करावं?

मुरुमांच्या खड्ड्यांसाठी नागपूरला फ्रॅक्शनल सीओटू लेसर (कातडीवर उष्णतेचे बारीक ठिपके पाडणारं) सुचवतात. 3-4 सिटिंग, दोहोंत 4 ते 6 आठवडे. खरी अडचण नंतरच्या उन्हाची. आपल्या सावळ्या कातडीला लेसरची उष्णता जास्त झाली की रंग तयार करणाऱ्या पेशी चवताळतात आणि महिनाभरात खड्ड्याच्या जागी काळा डाग दिसू लागतो. म्हणून लेसरच्या ठिपक्यांची दाटी कमी ठेवून, सिटिंग एखादं वाढवणंच बरं. हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावं.

हिवाळा चांगला म्हणतात, पण यवतमाळ-वर्धेकडे नेमकी तेव्हाच कापूस वेचणी! पऱ्हाटीची धूळ, घाम, आणि तोंडाला बांधलेला दुपट्टा दिवसभर गालावर घासतो. पहिले 5 ते 7 दिवस चेहऱ्यावर वाळूसारखी खरखरीत तपकिरी खपली असते. ती वेळेआधी निघाली की डागाची भीती वाढते. पावसाळ्यात निंदण आलं. मग 8-10 दिवस घरी थांबता येईल असा महिना कोणता धरता?

दुसरं, मेडिकलवरून चिठ्ठीविना आणलेली स्टिरॉइडवाली गोरं करायची क्रीम बऱ्याच पोरी वर्षानुवर्षं लावतात. त्याने कातडी पातळ होते, एकदम सोडली तर चेहरा लाल होऊन जळजळतो. ती सोडवून लेसरपर्यंत किती आठवडे जाऊ द्यावे?

आणि आयर्न ऑक्साइडचं रंगीत सनस्क्रीन, एसपीएफ 30 च्या वरचं, घामात टिकणारं कोणतं? दर 2 तासांनी लावायचं, म्हणून खिशाला परवडणारंच सांगा.