रंगावर जाऊ नका

गाडीच्या हिरव्या कूलंटमध्ये (इंजिन गार ठेवणारं द्रव) लाल ओतलं तर चालतं का, असं एकाने विचारलंय. नको. रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते, त्यावरून आतलं रसायन कळत नाही. मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच घ्या. वेगळे प्रकार एकत्र झाले की गंज रोखायची ताकद कमी होते, कधी गाळही धरतो.

माझंच सांगतो. एका गॅरेजवाल्याने कूलंटमध्ये बोअरचं पाणी मिसळून दिलं, वर "काय होत नाही ओ!" दोन वर्षांनी कोकणातून परत येताना गगनबावड्याचा घाट चढतोय आणि इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर. रेडिएटर काढला तर आत पांढरा क्षार. तेव्हापासून कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर, नाहीतर सरळ प्रीमिक्स, म्हणजे आधीच पाणी मिसळलेलं. (प्रीमिक्समध्ये परत पाणी घालणारे महाभागही बघितलेत.)

बदलताना इंजिन पूर्ण गार पाहिजे. गरम असताना रेडिएटरची कॅप उघडलीत तर उकळतं कूलंट अंगावर येतं. भरल्यावर हीटर फुल्ल गरमवर ठेवून अडकलेली हवा काढा. आणि जुनं कूलंट गटारात ओतू नका. ते गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यातल्या विषारी एथिलीन ग्लायकॉलने मरतात.